दोन ठोक्यांमधली जागा

एका राज्यात एक नदी होती आणि ती बारा वर्षांनी एकदा घागरीत मुक्कामाला येई. एवढी मोठी नदी घागरीत मावते कशी, असं कुणी विचारू नये. त्या राज्यात कुणी विचारत नसे. ठरलेल्या दिवशी सूर्य उगवला की राजा काठावर तांब्याची घागर ठेवी, हात जोडी आणि म्हणे, "बाई, दमला असाल. आजचा दिवस निजा." मग नदी पदर आवरावा तसं आपलं पाणी आवरी आणि घागरीत उतरे. दिवसभर ती आत गाढ निजे. तोवर लोक उघड्या पात्रातला गाळ उपसत आणि मासे डबक्यांत सोडून सांभाळत. सूर्य मावळला की नदी ताजीतवानी होऊन बाहेर येई आणि पुढची बारा वर्षं रानाशेतांना पाणी पाजी.

ती घागर घडवायची राजतांबटानं. बारा वर्षांत एकच घागर, पण मान असा की तो दरबारात आला की प्रधानसुद्धा उठून उभा राही.

आमच्या कथेच्या वेळी राजतांबट होते सावळाजी वस्ताद. त्यांचे शिष्य दोन. थोरला हैबती, धाकटा निंबा. हैबतीचा हातोडा ऐरणीवर नाचे. तो दिवसाला तीन हंडे उतरवी. निंबाचा एक हंडा आठ दिवसांनी उतरला तर तांबटआळीत साखर वाटावी, अशी त्याची चाल.

वस्तादांनी दोघांनाही पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती. "पोरांनो, तांबं ठोकलं की कडक होतं. कडक तांबं आणखी ठोकलं की रुसतं, आणि रुसलेलं तांबं आज ना उद्या केसाएवढी चीर देतं. म्हणून ठोक्याचा आवाज बदलला की हातोडा ठेवा. भांडं भट्टीत लाल करा, बाहेर काढा, निवू द्या. ते निवेपर्यंत पाटावर बसा. दोन्ही हात मांडीवर. दुसरं काम काढू नका." याला तांबटआळीत विसावा म्हणत. एका घागरीला सात विसावे. निंबा सातही देई. हैबती दोन देई, आणि त्या दोन्हींत परातीचे काठ वळवून घेई.

हैबती वाईट कारागीर नव्हता. हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर सुखानं जेवला आणि झोपला असता. त्याला चांगलं काम ओळखता येई, आणि त्यामुळे निंबाच्या हंड्यावरून नजर फिरली की त्याच्या पोटात कळ उठे. निंबाच्या हंड्यावरची मठार, म्हणजे हातोडीचे ते बारीक ठसे, एकाशेजारी एक असे शांत बसलेले असत की हैबतीला वाटे, कुणी न बघता एकदा लाथ मारावी. एकदा तीन गावं ओलांडून एक म्हातारी आली. हैबतीच्या दुकानात चिंचेनं घासलेली चाळीस भांडी लखलखत होती. म्हातारीनं ती पाहिली, छान आहेत म्हणाली आणि विचारलं, "बाबा, निंबा तांबटाचं घर कुठलं?" हैबतीनं हात करून दाखवलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. त्या भिंतीत, फळीच्या मागं, हैबतीनं बोटाएवढं भोक पाडलं होतं. दिवसातून दहा वेळा तो डोळा लावी. दहा वर्षं डोळा लावून त्यानं निंबाकडे किती गिऱ्हाईक आलं, कुणी किती वाखाणलं, हे सगळं पाठ केलं होतं. निंबा काम कसं करतो, हे मात्र त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. मत्सराचा डोळा असाच असतो, पंगतीला बसतो आणि दुसऱ्याचं पान तेवढं बघतो.

वस्ताद वारले. जाताना त्यांनी आपला हातोडा आणि ऐरण निंबाला दिली. हैबतीला काय दिलं? पाट! बसायचा, सागवानी, मधोमध झिजून खोलगट झालेला पाट. हैबती तो काखेत मारून घरी आला आणि बायकोपुढे आपटून म्हणाला, "येसाई, हा बघ माझ्या वीस वर्षांच्या सेवेचा प्रसाद." येसाई शहाणी होती. तिनं पाट पुसला आणि पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवला.

त्याच वर्षी नदीचा मुक्काम आला. राजानं दोघांना बोलावलं.

"वस्ताद गेले. घागर कोण घडवील?"

"मी," हैबती म्हणाला.

निंबा म्हणाला, "महाराज सांगतील तो."

"दोघेही घडवा," राजा म्हणाला. "एक महिना आहे. ज्याच्या घागरीत नदीबाई निजतील, तो राजतांबट."

हैबती घरी आला आणि त्यानं भोकाला डोळा लावला. निंबा हात मांडीवर ठेवून बसला होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तेव्हाही बसला होता. तिसऱ्या दिवशीही तेच. हैबतीचा जळफळाट झाला. हा बसून राहतो आणि तरी लोक याचंच नाव घेतात! नक्कीच याला वस्तादांनी मंत्र दिला आहे. मला पाट आणि याला मंत्र! मनात एकदा हे घेतल्यावर हैबतीला अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी सकाळी तो उठला आणि सरळ काळ्या डोंगराची वाट धरून झांजरी चेटकिणीकडे गेला.

झांजरी गुहेच्या दारात उभी होती. ती कधी बसत नसे. तिची पापणी लवत नसे आणि बोलताना ती श्वास घेत नसे.

"काय हवं? तुझी घागर चांगली व्हावी, की त्याची वाईट व्हावी?"

हैबतीच्या ओठांवर त्यातलं दुसरंच आलं होतं. त्याची त्यालाच लाज वाटली, म्हणून तो म्हणाला, "माझी त्याच्या आधी व्हावी."

"देते. न थांबणारा हात देते. त्याच्या बदल्यात तुझ्या दोन ठोक्यांमधली जागा मला दे."

हैबतीला हसू आलं. "त्या जागेत काय असतं?"

"तूच सांग."

"काहीच नसतं."

"मग दे."

गुहेवरच्या उंबरावर एक तांबट पक्षी बसला होता. हिरवा, कपाळावर लाल टिळा असलेला, दिवसभर टुक् टुक् करणारा तो चिमुकला पक्षी. तो म्हणाला, "हैबतीदादा, ज्याची किंमत ठाऊक नाही ते विकू नये." हैबतीनं त्याच्यावर खडा भिरकावला आणि चेटकिणीला म्हणाला, "घेऊन टाक." झांजरीनं त्याच्या कानामागून काहीतरी ओढून काढलं, मडक्यात घातलं आणि झाकण लावलं.

हैबती घरी आला, पत्रा पुढ्यात घेतला आणि हातोडा उचलला. काय सांगावं! ठक् ठक् ठक् असा आवाज आलाच नाही, एक सलग घरघर आली. सकाळी घेतलेली घागर दुपारी उतरली. भट्टीत घालावी असं त्याच्या मनात आलं खरं, पण थांबणार कोण? हात दुसऱ्या पत्र्याकडे गेला होता. दहा दिवसांत शंभर भांडी झाली. ठेवायला जागा उरेना, येसाईनं ती अंगणात रचली.

पण ठोक्यांमधली जागा गेली ती एकटी गेली नाही. घासाघासांमधली गेली, हैबती न चावता गिळू लागला आणि त्याला भाकरीची चव कळेना. शब्दांमधली गेली, तो बोले ते येसाईला कळेना. त्याला स्वतःचा हातोडा ऐकू येईना, कारण ठोक्याचा नाद घुमतो तो ठोक्यानंतर, आणि नंतर असं काही उरलंच नव्हतं. तांब्याचा आवाज कधी बदलला, ते कधी रुसलं, त्याला काय पत्ता!

नदीचा दिवस उजाडला. हैबतीची घागर अशी झळाळत होती की तिच्यात राजाला आपली मिशी दिसली. निंबा हात हलवत आला.

"महाराज, माझा सातवा विसावा राहिला आहे. उद्या होईल."

"मुहूर्तउद्यानाहीआजआहे," हैबती एका दमात म्हणाला. राजाला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. आणि निंबाचं पडलेलं तोंड पाहून हैबतीच्या पोटातली कळ दहा वर्षांत पहिल्यांदा थांबली. तेवढ्यासाठी त्यानं आणखी काहीही विकलं असतं.

राजानं घागर ठेवली, हात जोडले. नदीनं पाणी आवरलं आणि ती आत उतरली. लोक पात्रात उतरले, मासे डबक्यांत सोडले. डोक्यावर ऊन आलं आणि घागरीच्या गळ्याशी, जिथं तांबं सगळ्यांत जास्त ठोकलं होतं तिथं, टिच्‌ असा आवाज झाला.

केसाएवढी चीर. तिच्यातून नदी जागी होऊन बाहेर आली आणि पात्रात न जाता तशीच जमिनीत शिरू लागली. जाताना ती बोलली. "मला निजायला बोलावलंत आणि जिला क्षणाचाही विसावा मिळाला नाही त्या घागरीत घातलंत. रात्रभर रडलेल्या बाईच्या मांडीवर कुणाला झोप लागते? आजपासून या राज्यातल्या कुठल्याही भांड्यात पाणी राहणार नाही. ज्या हातानं ही घागर घडली, त्याच हातानं मला निजता येईल अशी घागर घडवली, तर येईन. डबकी आटायच्या आत घडवली तर. नाही तर मासे मेलेल्या पात्रात मी पाऊल ठेवणार नाही."

आणि तसंच झालं. हंड्यांतून, कळशांतून, मडक्यांतून पाणी भोक नसताना गळून जाई. लोक विहिरीत उतरून ओंजळीनं पाणी पीत. वरण शिजेना, भात शिजेना. घरोघर नुसतं भाजलेलं खाणं आलं.

"याचा हात तोडावा," प्रधान म्हणाला.

"तोच हात लागणार आहे," राजा म्हणाला. "हैबती, डबकी फार तर चाळीस दिवस टिकतील. नदी नाही आली, तर मग हात."

हैबती घरी आला आणि घागर घडवू लागला. तीन दिवसांत नऊ घागरी झाल्या, नऊच्या नऊ घागरींना चिरा गेल्या. थांबायचं ठरवून तो थांबायला बघे आणि हात चालूच राही. मग भिंतीपलीकडून निंबा आला. त्याच्या हातात वस्तादांचा हातोडा होता.

"दादा, हा घ्या. याला थांबायची सवय आहे."

हात तुटायची वेळ आली होती, राज्य तहानलं होतं, तरी हैबतीच्या पोटात तीच कळ उठली. हा मला दान द्यायला आला! "तुझंकाहीनको," तो म्हणाला. निंबा हातोडा घेऊन परत गेला.

मग हैबती काळ्या डोंगराकडे निघाला. येसाईनं रांजणावरचा पाट उचलून त्याच्या काखेत दिला. रांजणाला आता झाकण कशाला हवं होतं? म्हणाली, "अहो, वाटेत बसायला तरी होईल."

झांजरी दारात उभीच होती. मागायला आलेल्याला नाही म्हणायची चेटकिणींना मुभा नसते, फक्त अटी घालता येतात. तिनं गुहा उघडून दाखवली. आत मडक्यांच्या उतरंडीच्या उतरंडी होत्या. कुणा कुंभाराचा चाक फिरवण्याआधीचा श्वास होता, कुणा विणकराची धोटा टाकण्यापूर्वीची नजर, कुणा गवयाची दोन तानांमधली शांतता. हजार वर्षांचा हा खजिना. ज्यानं ज्यानं काही विकलं त्याला शाप लागला होता, आणि झांजरी त्यावर जगत होती.

"तीन कामं," ती म्हणाली. "एक चुकलं तर तू माझा."

पहिलं काम. गुहेत शंभर घंटा टांगल्या होत्या. "यातली एक तडकलेली आहे. डोळ्यांना दिसत नाही. ओळख." हैबतीनं हात उचलला आणि शंभर घंटांचा एकच कल्लोळ झाला. त्यात काय कळणार? तेवढ्यात उंबरावरून आवाज आला. टुक्. आणि मग काहीच नाही. आणि मग पुन्हा, टुक्.

"दादा," तांबट पक्षी म्हणाला, "माझी मधली जागा मी विकलेली नाही. ती वापर. मी टुक् म्हणेन तेव्हा ठोका दे, मी गप्प तोवर तूही गप्प."

"मी तुला खडामारलाहोता."

"लागला नाही," पक्षी म्हणाला. टुक्.

हैबतीनं पहिली घंटा वाजवली. नाद घुमला, पातळ झाला, विरला. कितीतरी दिवसांनी त्याला आपल्या हाताचा आवाज ऐकू आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपार कलेपर्यंत तो एकेक घंटा वाजवत गेला, आणि शेवटून तिसऱ्या घंटेचा नाद जरा लवकर मेला. "ही," तो म्हणाला. झांजरीनं ओठ आवळले.

दुसरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी. "अंगणाच्या त्या टोकाला गवताच्या पात्यावर दव आहे. पातं खुडून थेंबासकट इथं आण. थेंब ढळता कामा नये." टुक्, हैबतीनं पातं खुडलं. टुक्, एक पाऊल. पक्षी गप्प, हैबती उभा. थेंबात सगळं अंगण उलटं दिसत होतं, डोंगर, उंबर आणि स्वतः हैबती. अंगण शंभर पावलांचं. एरवी त्यानं ते धावत ओलांडलं असतं. आता ते ओलांडेपर्यंत ऊन चांगलं वर आलं. थेंब पोचला.

झांजरीनं उंबराकडे पाहिलं. तिला उमगलं. तिसऱ्या कामाला तिनं हैबतीला गुहेत नेलं आणि दार लावून घेतलं. पक्षी बाहेर राहिला.

"ही खिडकी. हिच्यासमोर सूर्य मावळेपर्यंत बस. उठलास तर संपलास."

"एवढंच?"

"एवढंच."

खिडकीत निंबाचं दुकान दिसत होतं. हैबतीचा पाय उचललाच गेला. आता टुक् म्हणणारंही कुणी नव्हतं. मग त्याला काखेतला पाट आठवला. तो त्यानं मांडला आणि वर बसला. वस्तादांनी पन्नास वर्षं बसून त्या सागवानात विसावा मुरवला होता. लाकूड लोणच्यासारखंच मुरतं. हैबतीचं अंग त्या खळग्यात उतरलं आणि हात आपोआप मांडीवर आले.

खिडकीत माणसं येऊ लागली. प्रधान आला, त्यानं निंबाच्या डोक्याला मानाचा फेटा बांधला. हैबतीच्या पोटात कळ आली. ती तीन गावं ओलांडून आलेली म्हातारी आली, तिनं निंबाची दृष्ट काढली. मग तांबटआळीतली सगळी मंडळी आली आणि एकजण म्हणाला, "हैबती होता खरा, पण निंबाची सर कशी येणार?" हैबतीचे दात एकमेकांवर घासले. शेवटी येसाई आली. तिनं निंबाची घागर उचलून कमरेवर घेतली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमच्या घागरीचं पाणी गोड लागतं हो." हैबती पाटावरून अर्धा उठला.

झांजरी दाराशी हसली.

अर्धा उठलेला हैबती मोठ्यानं म्हणाला, "मी जळतो. मी त्याच्यावर जळतो. दहा वर्षं झाली." हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. सांगून झालं आणि तो परत खाली बसला. कळ गेली नाही. पण आता ती पोटात फिरायची थांबली आणि एका जागी बसली, तोही तिच्या शेजारी बसला.

खिडकीतली माणसं गेली. निंबा एकटा उरला. हैबतीला बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं काम बघितलं. निंबानं ठोका दिला आणि मान कलती केली. नाद संपला तेव्हा भांडं बोटभर फिरवलं. पुन्हा ठोका, पुन्हा कलती मान. मग त्याला काहीतरी ऐकू आलं, त्यानं भांडं भट्टीत घातलं, लाल झाल्यावर बाहेर काढलं आणि हात मांडीवर ठेवून तो त्याच्याकडे बघत बसला. लालाचा तपकिरी झाला. तपकिरीत जांभळी झाक आली, मोराच्या मानेची झाक आली आणि गेली. तांबं किती वेळ धुमसलं, किती वेळानं निवलं, ते निंबा डोळ्यांनी शिकत होता. मंत्र नव्हताच. तो नुसता बसत नव्हता, बघत होता. हैबती पुढं झुकला. हा रंग आता जाईल, मग तो येईल, मग निंबा हातोडा उचलील. उचलला! बरोबर उचलला! "वा," हैबतीच्या तोंडून गेलं.

अंधारून आलं तेव्हा त्याला कळलं की सूर्य मावळला आहे.

गुहेतली मडकी एकेक करून फुटली. कुंभाराचा श्वास कुंभाराच्या वंशात गेला, गवयाची शांतता गवयाच्या नातवाच्या गळ्यात गेली, आणि हैबतीच्या कानामागं काहीतरी हळूच येऊन बसलं. हजार वर्षांनी झांजरीची पापणी लवली. ती भिंतीला टेकून खाली बसली, म्हणाली, "आई गं," आणि झोपली ती कायमची.

हैबती आळीत आला तो आधी आपल्या घरी गेला नाही. निंबाच्या दारात उभा राहिला. ते तीन शब्द काढताना त्याला डोंगर चढल्यासारखा दम लागला.

"हातोडा देतोस का?"

निंबानं हातोडा आणून दिला. मग तो जरा घुटमळला. "दादा, तुम्हाला एक सांगायचं आहे. वस्तादांनी पाट तुम्हाला दिला, तेव्हा मी चार दिवस जेवलो नाही. मला वाटलं, मला नुसतं काम दिलं आणि आपली बसायची जागा तुम्हाला दिली."

हैबतीनं त्याच्याकडे पाहिलं. "जळत होतास?"

"खूप."

हैबती असा हसला की आळीतली कुत्री भुंकू लागली. घरी गेल्यावर त्यानं भिंतीतल्या भोकात चिंधी कोंबली.

घागर व्हायला एकवीस दिवस लागले. सात विसावे झाले. सातही वेळा हैबती पाटावर बसला आणि रंग बघत राहिला. लोक भिंतीवरून डोकावत, डबकी आटत चालली म्हणून ओरडत. प्रधान तर स्वतः कुऱ्हाड दाखवून गेला. सहाव्या विसाव्यानंतर घागर इतकी देखणी दिसत होती की येसाईसुद्धा म्हणाली, "आता पुरे की हो." हैबतीनं ठोका दिला, मान कलती केली आणि म्हणाला, "नाही. अजून रुसलेली आहे." आणि तिला सातव्यांदा भट्टीत घातलं.

चाळिसाव्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा डबक्यांत माशांच्या पाठी उघड्या पडल्या होत्या. राजानं घागर ठेवली. जमीन ओली झाली, झरा फुटला, नदी वर आली आणि घागरीत उतरली. लोक श्वास रोखून बसले. डोक्यावर ऊन आलं. टिच्‌ झालं नाही. दुपारी घागरीतून नदीचं बारीकसं घोरणं ऐकू आलं आणि राजाचे डोळे भरून आले. सूर्यास्ताला नदी उठली, पात्रात गेली, मासे तिच्यात गेले. गावातल्या रांजणात, कळशीत, मडक्यात पाणी राहू लागलं, आणि त्या दिवशी घरोघरी भात शिजला.

नदी वाहू लागली तेव्हा राजानं विचारलं, "बाई, घागर कशी होती?"

"झोप लागली," नदी म्हणाली. "निंबाची पाहिली असती, तर अधिक सांगता आलं असतं."

आणि काय सांगू, एवढं सगळं होऊन हैबतीच्या पोटात बारीकशी कळ आलीच! राजानं त्याला राजतांबट केलं, आणि बारा वर्षांनंतरची घागर निंबाची, असंही त्याच दरबारात ठरवून टाकलं. प्रधान दोघांसाठी उठून उभा राहिला.

पुढं एके दिवशी हैबतीच्या दुकानासमोर एक गाडी थांबली. गाडीवानानं मांडलेली भांडी पाहिली, छान आहेत म्हणाला आणि विचारलं, "निंबा तांबटाचं घर कुठलं हो?"

"हे शेजारचं," हैबती म्हणाला. गाडी पुढं गेली. हातातला हंडा त्यानं भट्टीत सारला, लाल झाल्यावर बाहेर काढला आणि तो पाटावर बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवून. तो उंबर दूर काळ्या डोंगरावर होता, पण जवळच कुठंतरी टुक् झालं. तांब्यावर तपकिरी आली, जांभळी आली, मोराची मान आली आणि गेली. हंडा निवला. कळही निवली. मग हैबतीनं हातोडा उचलला.

नदी ज्या घागरीत निजली ती घागर त्या राज्यात अजून आहे, आणि ही गोष्ट सांगणाऱ्यानं तिच्यातलं पाणी प्यायलं आहे. ऐकणाऱ्यालाही मिळो, पण घाईनं पिऊ नये.